हुंडी नावाचं पत्र

१८८१ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात चेक, वचनचिठ्ठ्या आणि विनिमयपत्रं यांच्यासाठी एक कायदा केला. त्याचं आजचं सरकारी मराठी नाव ‘परक्राम्य संलेख अधिनियम’. (हे नाव वाचून कुणाला न वटलेला चेक आठवेल असं वाटत नाही, पण तो खटला याच कायद्याखाली चालतो.) त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद आहे. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजाबाबत जी स्थानिक रूढी असेल, तिला हा कायदा हात लावत नाही. म्हणजे मुंबईच्या एखाद्या पेढीने इंग्रजीत विनिमयपत्र लिहिलं तर त्याला सरकारचा कायदा लागू. तोच व्यवहार गुजरातीत, मारवाडीत किंवा मोडी मराठीत लिहिला तर बाजाराची रीत लागू. ज्याला ही रीत नको असेल, त्याने त्या कागदावरच तसं लिहून कायद्याच्या छत्राखाली यावं, अशीही सोय ठेवलेली.

अनुवादाने सूर बदलतो, अर्थ सरकतो, हे आम्ही तौलनिक साहित्याच्या वर्गात पुष्कळ ऐकलं. अनुवादाने कायदाच बदलतो हे मात्र मला कुठल्याही प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं. ते या रुक्ष कलमाने सांगितलं, आणि तेव्हापासून मी हुंडीकडे भाषेची वस्तू म्हणून पाहू लागले.

हुंडी मुळात पत्रच. एका गावच्या सराफाने दुसऱ्या गावच्या आपल्या आडत्याला लिहिलेलं: इथे आमच्याकडे अमक्याने इतके रुपये ठेवले आहेत, तिथे तुम्ही ते द्यावेत. रोकड वाटेत लुटली जाऊ नये म्हणून रोकड जायचीच नाही. जायचं ते पत्र. ते सुरू होई ते समोरच्याच्या गावाला शुभस्थान म्हणून, मग नमस्कार-जुहार, आणि मग कामाची गोष्ट. रक्कम लिहिण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी होती. हजार रुपये आकड्यात, हजार अक्षरात, आणि शिवाय ‘ज्याचे नीमे पाचशे, त्याचे दुप्पट’. हा ‘नीमे’ म्हणजे आपलं मराठी ‘निम्मे’च, फारसीतून आलेलं. कुणी एखादं शून्य वाढवलं तर निम्म्याचा हिशेब त्याला लगेच उघडा पाडी. खोटेपणाविरुद्धची तटबंदी वाक्यरचनेतच बांधलेली होती.

‘दर्शनी’ म्हणजे पाहताक्षणी पैसे द्यायची. ‘मुदती’ म्हणजे ठरल्या दिवसांनी. ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, कुणाही येरागबाळ्याला नाहीत. ‘जोखमी’ हुंडी सगळ्यांत चतुर: माल सुखरूप पोहोचला तरच पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर हुंडीही बुडाली. विमा आणि उधारी एकाच कागदात. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ‘पेठ’, तीही हरवली तर ‘परपेठ’. पैसे चुकते झाले की तिचा होई ‘खोका’. आणि माझी सर्वांत आवडती, ‘जिकरी चिठ्ठी’: त्याच गावातल्या आणखी एका ओळखीच्या पेढीला लिहिलेली, की आमची हुंडी तिकडे नाकारली गेलीच तर तुम्ही पैसे द्या आणि आमची अब्रू राखा. मराठीत ‘पत’ म्हणजे उधारी मिळण्याची योग्यता आणि ‘पत’ म्हणजे अब्रू, हा नुसता शब्दयोग नव्हे.

सतराव्या शतकात इथे फिरलेला फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हेर्निये याने लिहून ठेवलं आहे, की सराफ नसलेलं गाव म्हणजे फारच लहान गाव असलं पाहिजे. या जाळ्यातून पैशासोबत बातम्याही जात. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, असं आपण शाळेपासून ऐकत आलो: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्दा किती हरवला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ यांचे मृत्यू हिशेबाच्या भाषेत सांगितले गेले, आणि ते ऐकणाऱ्याला ती भाषा येत होती.

अर्थात ही भाषा सगळ्यांना यावी अशी इच्छाही नव्हती. महाजनी लिपीत स्वरचिन्हं गाळत. त्यावरचा विनोद उत्तरेत सर्वांना ठाऊक आहे: काकाजी अजमेर गये असं लिहिलेलं पत्र घरच्यांनी काकाजी आज मर गये असं वाचलं आणि रडारड सुरू झाली. विनोद बाजूला ठेवला तरी हा सारा विश्वास जातीच्या, गोताच्या, पेढीच्या आत फिरणारा होता. शाहजोग हुंडीतला ‘शाह’ कोण, हे ठरवणारे ठरलेले होते. शेतमजूर बाईला, चांभाराला त्या दारातून आत येऊन पत मागता आली नसती. म्हणून हुंडीची आठवण काढताना गहिवरणाऱ्यांबरोबर मला फार वेळ बसवत नाही.

शब्दाचं नशीब मात्र प्रत्येक भाषेत वेगळं निघालं. गुजरातीत हुंडी म्हटली की नरसी मेहता: या निर्धन भक्ताने द्वारकेच्या शामळशा शेठवर हुंडी लिहून दिली आणि खुद्द कृष्णाने शेठ होऊन ती वटवली. प्रेमानंदाने त्यावर आख्यान रचलं. मी राहते त्या हैदराबादेत हुंडी म्हणजे देवळातली दानपेटी. तिरुपतीला तर आता ‘ई-हुंडी’ आहे. मराठीने ‘हुंडणावळ’ हा शब्द घडवला. रुपया आणि पौंड यांच्या दराबद्दल एकेकाळी वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरत, ते याच शब्दाने. तो आपण का टाकून दिला आणि ‘विनिमय दर’ का उचलला, ते कळत नाही. हुंडणावळ निदान आजीला समजली असती.

आणि मग हुंडी गुन्हेगार झाली. आयकर कायद्यात पुढे एक कलम घातलं गेलं: हुंडीवर घेतलेलं कर्ज रेखांकित चेकने घेतलं नाही किंवा फेडलं नाही, तर ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाईल. नव्वदच्या दशकात ‘हवाला’ हा शब्द घोटाळ्याला चिकटला तो कायमचाच. मराठीत आपण अजूनही ज्ञानेश्वरीचा हवाला देतो, मुलाला आजोळच्या हवाली करतो. त्यात कुणाला पोलीस आठवत नाहीत. सप्टेंबर २००१ नंतर जगभर हवाल्याकडे दहशतीची वाट म्हणून पाहिलं जाऊ लागलं. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने ‘अल-बरकात’ या सोमाली पेढीचे व्यवहार गोठवले. देशात धड बँक नसलेल्या सोमाली कुटुंबांकडे परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे तिच्यातून जात. पुढे अमेरिकेच्याच चौकशी आयोगाला त्या हल्ल्याचा पैसा हवाल्याने गेल्याचा पुरावा सापडला नाही. बराचसा पैसा साध्या बँकांतून, तारेने गेला होता. बँकेची तार मात्र शिवी झाली नाही.

त्या तारेची आजची नातवंडं म्हणजे ‘स्विफ्ट’, १९७३ मध्ये बेल्जियममध्ये उभी राहिलेली बँकांची संदेशव्यवस्था. ती पैसे पाठवत नाही, पैशाबद्दल पत्र पाठवते. या अर्थाने ती हुंडीच. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सात बँकांना तिच्यातून वगळलं गेलं, तेव्हा पत्र लिहू न देणं हेही युद्धाचं हत्यार होऊ शकतं हे सर्वांना दिसलं. तिच्या जुन्या संदेशरचनेची अक्षरं ठरलेली: रोमन लिपी, आकडे, मोजकी विरामचिन्हं. स्पॅनिश नावावरची लाट चालत नाही, जर्मन स्वरावरची दोन टिंबं चालत नाहीत. देवनागरी, तेलुगू, अरबी यांचा तर प्रश्नच नाही. १८८१च्या कायद्याने आपल्या लिप्यांना निदान बाहेर राहण्याची मुभा दिली होती. इथे बाहेर राहणं म्हणजे पैसे न मिळणं.

देशातल्या देशात चित्र निराळं आहे, हे मान्य करायलाच हवं. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी हजार कोटींचा टप्पा ओलांडला. आमच्या गल्लीतल्या भाजीवालीच्या गाडीवरचा डबा पैसे आल्याचं तेलुगूत मोठ्याने सांगतो. तिला कुठल्या पेढीने दारात उभं केलं असतं? पण तो डबा रक्कम सांगतो, कोणाकडून आली ते सांगत नाही. व्यवहार अडकला तर जिकरी चिठ्ठी घेऊन जावं असा कुणी माणूसही नसतो; असतो तो तक्रारीचा क्रमांक.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत राहिलं ते गेल्या वर्षी एका निबंधाच्या अनुवादाचं मानधन अडकल्यामुळे. मूळ मराठी लेख जुन्या इराण प्रवासाचा, परदेशातल्या एका मासिकासाठी मी तो इंग्रजीत केलेला. बिलावर शीर्षक लिहिलं, त्यात ‘तेहरान’ हा शब्द. वाटेतल्या कुठल्याशा बँकेच्या गाळणीने तो पकडला. तेहरानमधल्या कोणत्या व्यक्तीशी हा व्यवहार आहे, असं विचारणारा मेल मला आला. मी उत्तरादाखल पानभर पत्र लिहिलं: लेखक कोण, प्रवास कोणत्या दशकातला, चहाखान्यांचं वर्णन कसं आहे, आणि त्या चहाखान्यांपैकी कोणालाही यातला छदाम मिळणार नाही. त्या निबंधावर इतकं सविस्तर आजवर कुणी लिहिलं नसेल. अठ्ठावीस दिवसांनी पैसे जमा झाले. मधल्या बँकेने आपली हुंडणावळ कापून घेतली होती, आणि तपशिलाच्या रकान्यात निबंधाच्या नावाऐवजी एकच शब्द होता: सर्व्हिसेस.