शॉर्ट फिल्म गोष्ट कशी सांगते? एटापल्लीतल्या एका खोलीतून समजून घ्या

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या दवाखान्यातली एक खोली आहे. टेबलाच्या एका बाजूला माडिया बोलणारी आई, दुसऱ्या बाजूला मराठी बोलणारे डॉक्टर आणि दोघांच्या मध्ये दहावीतली मुलगी. डॉक्टर सांगतील ते मुलीने आईला तिच्या भाषेत सांगायचं. रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टरांचं बोलणं संपतं, मुलगी जरा थांबते आणि आईला भलतंच काहीतरी सांगते.

प्रसंग काल्पनिक आहे, पण १२-१५ मिनिटांच्या शॉर्ट फिल्मला एवढा ऐवज पुरतो. ऑस्करच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपटात मोडतो. तरी मोठा सिनेमा कापून लहान केला की शॉर्ट फिल्म होत नाही. इथे पात्रांची ओळख करून द्यायला वेळ नसतो. म्हणून गोष्ट शक्य तितक्या उशिरा सुरू करतात. मायलेकींचा गावापासूनचा प्रवास, बसची वाट पाहणं, केसपेपर काढणं हे सगळं गाळून थेट खोलीतच सुरुवात करता येते. आईच्या पायावरची धूळ दिसली की प्रवास कळतोच.

नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' शाळेत जाण्याची ओढ असलेल्या एका मुलाभोवती फिरतो. त्यांच्याच 'पावसाचा निबंध'मध्ये शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि तोच पाऊस मुलाच्या घरात शिरतो. दोन्ही फिल्ममध्ये एकच मुलगा आणि एकच अडचण.

आधी ऐका, मग पाहा

नवे दिग्दर्शक बहुतेक पैसे कॅमेऱ्यावर घालतात. प्रेक्षक मात्र थोडं धूसर चित्र चालवून घेतो आणि नीट ऐकू न येणारा संवाद आला की फिल्म बंद करतो. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी' (२००४) या लघुपटात घरात पिठाची गिरणी येते आणि तिचा आवाज मुलाचं जगणं व्यापून टाकतो. तिथे आवाज हेच जवळजवळ एक पात्र आहे. 'पावसाचा निबंध'ला ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शनाबरोबर ध्वनीचाही पुरस्कार मिळाला.

आता एटापल्लीची खोली. जंगलातला तालुका म्हणून मागे पक्ष्यांचा तयार आवाज लावून देणं सोपं आहे. पण याच तालुक्यात सुरजागडची लोहखनिजाची खाण आहे आणि रस्त्यावर खनिजाचे ट्रक असतात. डॉक्टर नेमकं महत्त्वाचं वाक्य बोलताना बाहेरून ट्रक गेला, तर तो गोंगाट काढून टाकायचा की ठेवायचा? ठेवला तर आई डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे आणखी निरखून पाहील. मात्र तो आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर हव्या त्या जागी बसवावा लागतो. रिकाम्या खोलीची शांतताही अर्धा मिनिट टिपून ठेवतात, म्हणजे दोन शॉट जोडताना आवाजात खड्डा पडत नाही.

कॅमेरा कोणाकडे?

बोलणाऱ्याचा चेहरा दाखवायचा, ही सवय इथे मोडावी लागते. डॉक्टर बोलत असताना पडद्यावर आई हवी. तिला शब्द कळत नाहीत, पण ती आवाजाचा चढउतार वाचते आहे. याला रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतात.

दुसरा नियम १८० अंशांचा. डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग आई नेहमी उजवीकडे पाहते आणि डॉक्टर डावीकडे, त्यामुळे दोघं एकमेकांशी बोलतायत हे डोळ्यांना पटतं. मुलगी या रेषेवर बसलेली आहे. ती खोटं बोलते त्याच क्षणी कॅमेरा रेषा ओलांडून पलीकडे गेला, तर काहीतरी बिघडलंय हे प्रेक्षकाला शब्दांवाचून जाणवतं.

सबटायटल कोणाला द्यायचं?

या फिल्मचा खरा निर्णय इथे आहे. माडिया संवादांखाली मराठी सबटायटल दिलं, तर मुलगी खोटं बोलते हे प्रेक्षकाला लगेच कळतं आणि पुढचा सगळा वेळ 'आईला कधी कळणार' या ताणात जातो. दिलं नाही, तर मराठी प्रेक्षक डॉक्टरांच्या जागी बसतो. मुलीने सगळं सांगितलं असेल असं धरून चालतो आणि धक्का शेवटी बसतो. एटापल्लीतला जो प्रेक्षक दोन्ही भाषा जाणतो, त्याच्यासाठी मात्र दोन्ही वेळा फिल्म एकच.

सबटायटल न देण्यात एक धोका आहे. जंगलातल्या माणसांची भाषा निव्वळ मागचा आवाज होऊन जाते आणि कळेल असं बोलणारा फक्त बाहेरून आलेला माणूस उरतो. 'न्यूटन' (२०१७) या पूर्ण लांबीच्या हिंदी सिनेमाची गोष्ट दंडकारण्यात घडते, चित्रीकरण छत्तीसगडमधल्या दल्ली राजहरा भागात झालं. त्यात अंजली पाटील यांनी साकारलेली मलको ही स्थानिक शिक्षिका गोंडी आणि हिंदीच्या मध्ये उभी आहे. तिच्यामुळे कळतं की दुभाषा नुसते शब्द इकडून तिकडे पोचवत नाही, काय पोचवायचं हेही ठरवतो. त्यामुळे आपल्या फिल्मचे माडिया संवाद माडिया बोलणाऱ्यानेच लिहायला हवेत. मराठीत लिहून सेटवर भाषांतर करून घेतले, तर ती फसवणूक पहिली एटापल्लीलाच कळेल.

अभिनय आणि पानगळ

गडचिरोलीत नटांची वाण नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात इथली नाटकं रात्रभर चालतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून नट आवाज आणि हातवारे मोठे ठेवतो. तोच नट क्लोजअपमध्ये घेतला की नुसती भुवई हलली तरी जास्त वाटतं. त्याला 'कमी कर' सांगण्यापेक्षा समोरच्या नटाला जवळ बसवून हळू आवाजात तालीम घेतलेली बरी.

बाहेरचे प्रसंग असतील तर झाडांकडेही बघावं लागतं. इथलं जंगल सागाचं, पानगळीचं. जानेवारीत दवाखान्यात शिरणारी मायलेक मे महिन्यात चित्रित करून बाहेर पडताना दाखवली, तर मागचं हिरवं जंगल दहा मिनिटांत उघडं पडलेलं दिसेल. दोन्ही शॉट एकाच आठवड्यात उरकायचे, नाहीतर मुलीला दाराच्या आतच थांबवायचं.