कळंब : एका 'सरकार'चे नाव धारण केलेले गाव

यवतमाळच्या पूर्वेस, नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चक्रावती नदीच्या काठी कळंब हे गाव वसले आहे. यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर आहे, तर कळंब पठाराच्या पायथ्याशी, वर्धा नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या प्रदेशात आहे. भाविकांना ते तेथील चिंतामणी गणेशामुळे ठाऊक आहे. हे देवालय जमिनीच्या पातळीखाली असून दर्शनासाठी पायऱ्या उतरून जावे लागते.

कळंबचे पूर्वीचे महत्त्व मात्र केवळ धार्मिक नव्हते. बहमनी सुलतान अहमदशाह वली (१४२२–१४३६) ह्याच्या माहूरकडील स्वारीच्या वृत्तांतात कळंबचा उल्लेख येतो. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतल्यानंतर सुभ्याचे जे 'सरकार' विभाग होते, त्यांपैकी एक कळंबच्या नावाने ओळखला जाई. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल ह्यास प्राचीन नगर म्हणतो, येथील म्हशींची प्रसिद्धी सांगतो आणि लगेच जवळच्या चांद्याच्या गोंड सत्ताधीशाच्या सैन्याचा निर्देश करतो. हा क्रम अर्थपूर्ण आहे. वर्धेपलीकडील गोंड सत्तेवर नजर ठेवण्यास कळंबचे स्थान सोयीचे होते. सीमेचे ठाणे म्हणून त्यास महत्त्व आले, असे अनुमान त्यावरून निघते.

नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये चांद्याचे राज्य घेतल्यावर ती सीमाच उरली नाही. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये येथे 'आग्नेय वऱ्हाड' जिल्हा स्थापन झाला. तोच पुढे वणी जिल्हा व १९०५ पासून यवतमाळ जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. जिल्ह्याच्या नावात आलेले यवतमाळ मुळात योत-लोहारा परगण्याचे गाव होते. त्याच्या नावातील 'माळ' हा 'महाल' ह्या शब्दाचा अपभ्रंश मानतात. मूर्तिजापूरहून आलेली अरुंदमापी लोहमार्गाची गाडीही यवतमाळलाच थांबली. कापसाचा व्यापार तिकडे वळला आणि कळंब आडबाजूस राहिले.

कळंबला आगगाडी येण्यास २०२४ साल उजाडले. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा त्या वर्षी २८ फेब्रुवारीस सुरू झाला. आज कळंब तालुक्याचे ठिकाण आहे. गावाची भूमी तीच राहिली. तिचे मोल सीमा आणि मार्ग ह्यांनी वेळोवेळी ठरविले, हाच ह्या गावाच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.