बनारसची अफू आणि गिरणगावातील बाळे

काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते सांगताना आपण गंगोदक, मराठ्यांनी बांधलेले घाट आणि शास्त्री-पंडितांची घराणी यांचे स्मरण करतो. परंतु या पुण्यक्षेत्राचे नाव धारण करणारी आणखी एक वस्तू एके काळी जगाच्या बाजारात प्रसिद्ध होती. ती म्हणजे 'बनारस' अफू.

1773 साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमधील अफूचा मक्ता कंपनीकडे घेतला. 1775 साली बनारसचा मुलूख कंपनीकडे आला आणि पुढे तेथील खसखशीची शेतीही या मक्त्याखाली गेली. बनारस एजन्सीचा कारखाना गंगेकाठी गाझीपूर येथे होता. शेतकऱ्याने आगाऊ रक्कम घ्यावी, पीक सरकारलाच द्यावे, कलकत्त्यास लिलाव व्हावा आणि पेट्या चीनकडे रवाना व्हाव्यात, असा हा क्रम होता. चीनशी 1907 साली झालेल्या करारानंतर तो व्यापार आटला. देशातील परवानेदार दुकानांसाठी मात्र गाझीपूरचे काम चालूच राहिले.

त्या दुकानांतील अफूचा एक लहानसा भाग मुंबईच्या चाळींत बाळगोळी होऊन येत असे. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेली बाई गिरणीत दिवसाला दहा-अकरा तास राबे. तान्हे मूल नेण्यास जागा नाही, सांभाळण्यास माणूस नाही. मग गोळी देऊन त्याला निजवावे आणि भोंगा होताच निघावे. 1922 साली डॉ. बार्न्स या वैद्यक महिलेने नोंदविले की, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभर बालकांपैकी 98 बालकांना अफू दिली जाते. मूल शांत दिसे. वस्तुतः त्याची भूक मंदावे, अंग वाळे आणि मात्रा चुकली तर श्वासच थांबे.

या मातांना अडाणी म्हणणे सोपे होते. पण 1895 साली अहवाल देणाऱ्या शाही अफू आयोगाने अफूला घरगुती औषध मानून तिच्या विक्रीस बाध आणला नव्हता. विकणारे सरकार आणि दोषी ठरणारी आई, असा हा न्याय होता!

उपाय निघाला तो मातेचा भार हलका करण्यातून. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतीसाहाय्याचा कायदा झाला, देशातील या प्रकारचा पहिला. 1931 साली शाही मजूर आयोगाने गिरण्यांत पाळणाघरांची शिफारस केली आणि 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत ती बंधनकारक केली. गोळीची जागा पाळण्याने घ्यावी, हा त्यामागील विचार होता.

आज प्रश्नाचे रूप पालटले आहे. आता पुष्कळदा पालक स्वतःच व्यसनाधीन असतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला मादक द्रव्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि ज्याचे पालक त्याचा सांभाळ करण्यास असमर्थ ठरतील, ते मूल बाल कल्याण समितीच्या संरक्षणास पात्र ठरते. हे संरक्षण अवश्य हवे. परंतु मूल वेगळे केले आणि बाप तसाच राहिला, तर परतण्यास घर उरत नाही. 1986 साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार केला, त्याचे महत्त्व येथे आहे. गिरणगावातील बाळ वाचवायचे, तर त्याच्या आईला आधार द्यावा लागला. आजच्या बालकासाठीही त्याच्या पालकांच्या उपचारांची सोय करणे, हे बालसंगोपनाचेच काम समजले पाहिजे.