सोरायटिक संधिवात : जैविक औषधाचा टिकाव

सोरायसिसच्या रुग्णांना होणाऱ्या दाहक संधिवातात एखादे जैविक औषध सुरू केल्यापासून बंद होईपर्यंत जो काळ जातो, त्याला त्या औषधाचा टिकाव म्हणतात. या आजारात बहुधा त्वचेवर चट्टे आधी उठतात आणि सांधे काही वर्षांनी धरतात. अख्खे बोट सुजते, टाच ठणकते, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. मेथोट्रेक्झेटसारख्या गोळ्यांनी भागले नाही की जैविक औषधाचा विचार होतो. ॲडालिमुमॅबचे इंजेक्शन पंधरवड्याला, एटानरसेप्टचे आठवड्याला, तर सेक्युकिनुमॅबचे सुरुवातीचे डोस झाल्यावर महिन्याला घ्यायचे असते.

ब्रिटनच्या रुग्णनोंदीनुसार (2009) पहिले टीएनएफरोधक औषध (दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारे जैविक औषध) वर्षानंतर 82 टक्के, दोन वर्षांनंतर 70 टक्के आणि तीन वर्षांनंतर 59 टक्के रुग्णांत चालू होते. डेन्मार्कच्या ‘डॅनबायो’ नोंदीत (2011) निम्म्या रुग्णांचे पहिले औषध 2.9 वर्षांत सुटले होते. पुरुष, रक्तात सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन वाढलेले आणि जोडीने मेथोट्रेक्झेट घेणारे रुग्ण औषधावर अधिक काळ टिकले. दुसऱ्या-तिसऱ्या औषधाचा टिकाव पहिल्यापेक्षा कमी भरतो.

औषधाचा गुण ओसरणे, हे सुटण्याचे मोठे कारण. काही रुग्णांत शरीर औषधाविरुद्धच प्रतिद्रव्ये तयार करते. काहींचे औषध जंतुसंसर्गामुळे थांबवावे लागते. आपल्याकडे सुप्त क्षयरोग जागा होण्याचे भय मोठे. म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाल्याशिवाय पहिले इंजेक्शन देऊ नये.

डेन्मार्कमध्ये जैविक औषध सरकारी खर्चाने मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडला हे आकडे लावताना तेवढे ध्यानात ठेवावेच लागते. येथल्या ऊसकरी घरात रोकड येते ती कारखान्याचे बिल जमा झाल्यावर. इंजेक्शनची तारीख मात्र बिलासाठी थांबत नाही. 2014 मध्ये झायडस कंपनीने ॲडालिमुमॅबचे जैवसमरूप औषध भारतात आणल्यावर किंमत उतरली, तरी वर्षानुवर्षे हा खर्च पेलणे अनेक घरांना जड जाते. त्यातून सूज उतरली, बोटे वळू लागली, की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुढचा डोस राहतो. अशा रुग्णाच्या कागदावर ‘औषध लागू पडले नाही’ असा शेरा पडला तर तो अन्यायच होय. पैशाअभावी सुटलेले औषध वेगळे नोंदले पाहिजे, कारण तेच औषध त्याला पुन्हा उपयोगी पडू शकते.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या या गावाला आणखी एक अडचण आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांसारख्या काळात मिरज-कोल्हापूरची वाट बंद होते, वीज जाते. इंजेक्शन तर 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचे. थर्मासमध्ये ते थेट बर्फावर ठेवू नये, गोठलेले औषध वापरता येत नाही. हुकलेला डोस भरून काढण्यासाठी मनाने दोन इंजेक्शने एकदम घेऊ नयेत. शिरेतून द्यायच्या इन्फ्लिक्सिमॅबमध्ये तर दीर्घ खंडानंतर पुन्हा सुरुवात करताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. ती सुरुवात संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करतात.