शी, पिशवी आणि १९७८ चा कायदा

दिवाळी अंकात हा कसला विषय, असं ज्यांना वाटेल त्यांनी आधी फराळाची बशी संपवावी आणि मग हे पान उघडावं. पण आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता कुत्रा आला आहे. कार्यक्रम संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये रंगणाऱ्या गप्पांत मुलांच्या शाळा, मॉर्गेज आणि ग्रीन कार्ड यांच्या जोडीला "तुम्ही कुठल्या पिशव्या वापरता हो?" हा प्रश्नही हमखास असतो. मी पेशाने आयटी कन्सल्टंट. क्लायंटकडे एखादी सिस्टिम चालताना दिसली की ती अशीच का झाली, तिच्याआधी काय होतं, हे खणून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. रोज सकाळी न्यू जर्सीच्या थंडीत वाकून कुत्र्याची शी पिशवीत भरताना तोच किडा डोक्यात वळवळला. हे काम माणसाने कधीपासून करायला घेतलं?

सुरुवात लंडनपासून करायला हवी, कारण तिथे एके काळी लोक ही वस्तू चक्क पैसे देऊन विकत घेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री मेह्यू नावाच्या पत्रकाराने लंडनच्या गरिबांची तपशीलवार वर्णनं लिहून ठेवली. त्यात रस्तोरस्ती फिरून कुत्र्यांची शी बादलीत गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या बायका आणि पुरुष आहेत. हा माल बर्मंडसी भागातल्या कातडी कमावणाऱ्या कारखान्यांत जाई, बादलीला साधारण आठ ते दहा पेन्स मिळत, आणि धंद्यातलं त्याचं नाव होतं 'प्युअर', म्हणजे शुद्ध! त्याने कातडं स्वच्छ आणि मऊ होई, म्हणून हे नाव. पुस्तकांच्या बांधणीचं आणि हातमोज्यांचं मुलायम कातडं असंच तयार होत असे. पुढे ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास जनावरांच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइम्सपासून त्याला पर्याय शोधला. कारखान्यांना कुत्र्यांची गरज उरली नाही, आणि रस्त्यावरच्या मालाला गिऱ्हाईकही उरलं नाही.

आता न्यूयॉर्क. मॅनहॅटनमध्ये अजूनही 'कर्ब युवर डॉग' अशा पाट्या दिसतात. नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, कुत्र्याला आवरा असं सांगताहेत. खरा अर्थ वेगळा आहे. कर्ब म्हणजे फुटपाथची कड. कुत्र्याला कडेखाली गटाराच्या बाजूला न्या, फुटपाथवर बसवू नका, एवढंच ती पाटी सांगते. १९३० च्या दशकापासून शहराचं धोरण हे होतं. उचलायचं कुणी? रस्ते झाडणाऱ्यांनी. पण पुढे मोटारी वाढल्या, कडेला गाड्यांच्या रांगा लागल्या, कुत्र्याला कडेपर्यंत पोचायला जागा राहिली नाही आणि झाडूवाल्या यंत्रालाही नाही. त्यात १९७० च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली, १९७५ साली तर न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. सफाई कामगार कमी झाले आणि फुटपाथवरून चालणं म्हणजे लंगडी खेळणं झालं.

या काळातली सगळ्यात गमतीदार व्यक्ती म्हणजे फ्रॅन ली. ही टीव्हीवर गृहिणींना सल्ले देणारी बाई. कुत्र्याच्या शीतून टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी मातीत जातात, मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेली तर क्वचित डोळासुद्धा जाऊ शकतो, हे तिने उचलून धरलं. तिच्या संघटनेचं नाव होतं 'चिल्ड्रन बिफोर डॉग्ज'. वैद्यकीय मुद्दा खरा होता. ती अंडी मातीत अनुकूल परिस्थितीत काही वर्षंही टिकतात. पण तिचा उपाय अघोरी होता : कुत्र्याने रस्त्यावर जायचंच नाही, घरात कागदावर उरकायचं. उचलण्याचा कायदासुद्धा तिला पुरेसा वाटत नव्हता. एका सभेत कुणीतरी तिच्या अंगावर शीची पिशवीच फेकली. लोकशाहीचा हा असाही एक अवतार.

महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात उचलण्याच्या सक्तीची चर्चा सुरू झाली, पण नगर परिषदेत डाळ शिजली नाही. कुत्रेवाल्यांचे गट विरोधात होते आणि प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी जुनी, नावाजलेली संस्थाही विरोधात होती. कायदा आला तर लोक कुत्रे सोडून देतील, म्हाताऱ्यांना वाकता येणार नाही, अशी त्यांची भीती. शेवटी प्रश्न राज्याच्या विधिमंडळात गेला. सिनेटर फ्रान्झ लाइक्टर आणि असेंब्लीतले एडवर्ड लेनर यांनी तो पुढे रेटला, नवे महापौर एड कॉच यांनी अंमलबजावणीची धुरा घेतली, आणि १ ऑगस्ट १९७८ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचं कलम १३१० लागू झालं. चार लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत कुत्र्याच्या मालकाने स्वतः शी उचलायची, नाहीतर १०० डॉलरपर्यंत दंड. अंध माणसाच्या मार्गदर्शक कुत्र्याला सूट. पुढे दंडाची मर्यादा २५० डॉलर झाली.

आता खरी गंमत. उचलायचं कशाने? आज आपण खिशातून जी पातळ प्लास्टिकची पिशवी काढतो, ती तेव्हा जवळपास कुणाकडेच नव्हती. बनियनसारखी कानवाली पिशवी स्वीडनमधल्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी शोधली, तिला अमेरिकन पेटंट १९६५ साली मिळालं, पण इथल्या मोठ्या किराणा दुकानांत ती रुळली १९८० च्या दशकात. १९७८ च्या न्यूयॉर्ककराकडे होता पुठ्ठा, लांब दांड्याचं सुपडं, आणि सगळ्यात हाताशी म्हणजे वर्तमानपत्र. कुत्रा बसतोय असं दिसलं की खाली पान सरकवायचं, गुंडाळायचं आणि कचरापेटीत. आणि नेमका कायदा लागू झाल्यावर नऊ दिवसांनी, १० ऑगस्टला, न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांत संप झाला! टाइम्स आणि डेली न्यूज ५ नोव्हेंबरपर्यंत बंद. सॉफ्टवेअर रिलीज केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात सर्व्हर गायब, असा प्रकार. तरीही कायदा टिकला. दंडाच्या पावत्यांनी तो टिकला म्हणावं तर तसंही नाही, कारण अधिकाऱ्याने प्रत्यक्ष बघितल्याशिवाय दंड करता येत नाही आणि अधिकारी समोर असताना कोण सोडून जाईल? माझ्या मते काम केलं ते शेजाऱ्यांच्या नजरेने. पलीकडच्या खिडकीतली आजी बघतेय हे पुरेसं असतं.

पॅरिसने उलटा रस्ता धरला. तिथे १९८२ पासून शी शोषून घेणाऱ्या खास मोटारसायकली फिरत असत, मालकाला तोशीस नको म्हणून. यंत्राच्या दृष्टीने सुंदर, हिशेबाच्या दृष्टीने बुडीत. प्रचंड खर्च करूनही बरीचशी घाण रस्त्यावरच राही. २००४ साली त्या गाड्या बंद झाल्या आणि पॅरिसकरांनाही दंडाच्या धाकाने वाकावं लागलं. इस्रायलमधल्या पेताह तिक्वा शहराने २००८ मध्ये शीची डीएनए चाचणी करून मालक शोधण्याचा प्रयोग केला. इथल्या काही अपार्टमेंटमध्ये आता हा प्रकार चालतो. मला तो जरा जास्तच वाटतो.

माझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने हा कार्यक्रम दारातून पाहिला. घरात आल्यावर म्हणाली, "इंजिनीअर झालास आणि हे करतोस? कुणीतरी माणूस ठेव की." तिच्या त्या 'कुणीतरी'त आपला सगळा इतिहास आहे. घाण उचलणारं ते कुणीतरी ठरावीक जातीचंच, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. मी तिला आप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं, तर वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही म्हणून नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केलं. हे कळल्यावर डिसेंबरात गांधीजींनी येरवड्यात त्यांच्यासाठी उपवास सुरू केला, तो दुसऱ्याच दिवशी आश्वासन मिळाल्यावर सोडला. घाण साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण! आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ते ठीक आहे, पण हात साबणाने दोनदा धू."

मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलल्यास ५०० रुपये दंड आहे. पण तिकडच्या सोसायट्यांत कुत्र्याची साखळी बऱ्याचदा पगारी पोराच्या हातात असते. वाकतो तोच.

आता कामाचं. पिशवी हातमोज्यासारखी हातात उलटी घालायची, उचलायचं, तशीच सुलट करून गाठ मारायची. यापेक्षा सोपी रचना मला अजून सापडलेली नाही. लांब दांड्याचं सुपडं कंबरदुखीवाल्यांना उत्तम, पण ते धुवावं लागतं. 'बायोडिग्रेडेबल' शब्दावर भुलू नका. २०१५ साली फेडरल ट्रेड कमिशनने अशा पिशव्यांच्या वीस उत्पादकांना त्यांचे दावे फसवे असू शकतात म्हणून पत्रं पाठवली होती. कचऱ्याच्या डेपोत हवा न लागता गाडलेली पिशवी सहजासहजी कुजत नाही. आणि ही शी गाईच्या शेणासारखी समजून परसातल्या टोमॅटोला घालू नका, जंताची अंडी घरच्या खतातल्या उष्णतेने मरतील याचा भरवसा नाही. पाऊस आला की ती ओढ्यातच जाते.

किराण्याच्या फुकट पिशव्या साठवण्याची आपली जुनी सवय मात्र आता उपयोगाची नाही. न्यूयॉर्क राज्याने १ मार्च २०२० पासून आणि न्यू जर्सीने ४ मे २०२२ पासून त्या बंद केल्या. आमच्या पँट्रीतला, आईने घडी घालून त्रिकोणी समोशासारखा रचलेला साठा गेल्या हिवाळ्यात संपला. आता साखळीला हाडकाच्या आकाराची डबी लटकते आणि त्यात पिशव्यांचा रोल.