कडाबीन ते अस्मी : आखूड बंदुकीची लांबलेली गोष्ट

पबजी खेळताना उझी हाती लागली की आपण काय करतो? घरात घुसायचं असेल तर ठेवतो. माळावर लांबून कुणी गोळ्या घालायला लागला की टाकून देतो आणि रायफल शोधतो. पिस्तुलाची गोळी झाडणाऱ्या कार्बाइनचं बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही यात आली. फरक इतकाच, की गेममध्ये बंदूक बदलायला एक सेकंद लागतो. आपल्याकडे साठेक वर्षं लागली.

हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या मराठीत आखूड बंदुकीला ‘कडाबीन’ म्हणत. सिंधुदुर्गातून तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पिस्तूल आणि काडतूस हे शब्द तिथल्या पोर्तुगिजांकडूनच मराठीत आले. घोड्यावर किंवा गलबतावर लांब नळी अडते, म्हणून आखूड बंदूक. आज घोड्याच्या जागी जीप आहे आणि गलबताच्या जागी गस्तीची स्पीडबोट. अडचण तीच आहे.

त्यावर विसाव्या शतकाने काढलेला तोडगा म्हणजे पिस्तुलाची ९ मिमीची गोळी. तिचा धक्का कमी, त्यामुळे हलक्या बंदुकीतूनही झोड उठवता येते. पण शंभरेक मीटरपुढे तिचा जोर आणि नेम दोन्ही ढिले पडतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ब्रिटिशांनी घाईघाईत स्टेनगन बनवली. दिसायला नळकाम करणाऱ्याच्या पिशवीतून काढल्यासारखी, पण स्वस्त. तिचं दुखणं मॅगझिनमध्ये होतं. गोळ्यांच्या दोन रांगा तोंडाशी एक होत, आणि तिथे जराशी घाण गेली तरी अडकत. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये योझेफ गाबचिक नाझी अधिकारी हायड्रिखच्या गाडीसमोर उभा राहिला, चाप ओढला आणि स्टेन चाललीच नाही. सोबत्याने फेकलेल्या बॉम्बने काम केलं, म्हणून मोहीम वाचली.

जॉर्ज पॅचेटने हे दुखणं ओळखलं. त्याच्या स्टर्लिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा तोंडापर्यंत दोनच राहिल्या. गोळ्या वर ढकलायला रोलर आले. बोल्टवर तिरके कंगोरे कोरले, ते आत शिरलेली वाळू बाहेर सारतात. तारकर्लीच्या किनाऱ्यावर एकदा पाय झटकून पाहिले, की या कंगोऱ्यांचं मोल कळतं. ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये ती स्वीकारली. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातचं शस्त्र म्हणजे सजवलेली स्टर्लिंगच. आपल्याकडे १९६०च्या दशकात कानपूरच्या कारखान्यात तीच ‘१ए१’ नावाने बनू लागली आणि सैन्यात, पोलिसांत पोचली.

तिच्यातही दोष होते. मॅगझिन डावीकडे आडवं, त्यामुळे ते गाडीच्या दारात अडकतं. चाप ओढला की आधी जड बोल्ट पुढे धावतो, मग गोळी सुटते. तेवढ्यात नेम हलतो. १९६६ मध्ये आलेल्या जर्मन एमपी-५ मध्ये बोल्ट आधीच बंद असतो, म्हणून पहिली गोळी नेमक्या जागी जाते. ओलिसांच्या गर्दीत हा फरक जीव वाचवतो. आपल्या एनएसजीने हीच बंदूक घेतली.

२६ नोव्हेंबर २००८ ला दहा हल्लेखोर समुद्रातून मुंबईत आले. त्यांच्याकडे एके रायफली होत्या. सीएसटीवर अनेक पोलिसांकडे जुन्या .३०३ होत्या, कुणाकडे नुसती लाठी. त्या लांबलचक स्थानकात ९ मिमीची कार्बाइनही रायफलीपुढे तोकडीच पडली असती, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पुढे नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रांबरोबर गोळीबाराच्या सरावाच्या उणिवेवरही बोट ठेवलं. सरावाला गोळ्या नसतील, तर कुठलीही बंदूक म्हणजे महागडी लाठी.

सुधारणा आली, ती एका वापरणाऱ्याच्या हातून. लष्कराचे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी महूचं इन्फंट्री स्कूल आणि पुण्याची एआरडीई यांच्यासोबत चार महिन्यांत ‘अस्मी’ घडवली. ती जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. वरचा भाग विमानात वापरतात त्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. एका नगाची अंदाजित किंमत ५० हजारांच्या आत. २०२४ मध्ये ५५० अस्मी लष्कराच्या उत्तर विभागाकडे गेल्या.

गोळी मात्र तीच, ९ मिमीची, म्हणून मर्यादाही तीच. म्हणून किनाऱ्यासाठी मागणं मांडायचं, तर ते असं : खाऱ्या हवेला दाद न देणारा लेप, उरलेल्या गोळ्या दिसतील असं पारदर्शक मॅगझिन, ओल्या हातानेही घट्ट बसणारा घडीचा दस्ता, लांबच्या माऱ्यासाठी तुकडीत एक तरी रायफल, आणि सरावाला पुरेशा गोळ्या. सिंधुदुर्गाला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. हिंदकळत्या होडीत उभं राहून नेम धरणाऱ्या शिपायाला विचारलं, तर तो या यादीत आणखी दोन गोष्टी घालेल. त्याला विचारायला हवं.

त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनीही बंदूक धरली होती. ती शत्रूची होती, आणि त्यांनी ती नळीकडून धरली होती.