आभार नेमके कशाचे? पुनरुत्थानावरील आक्षेपांचा विचार

ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेविषयी मराठवाड्यात एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. दुष्काळात मिशनने धान्य दिले, पुढे दुधाची पावडर दिली, शाळा काढली, दवाखाना काढला. लोकांनी उपकाराची फेड म्हणून देव बदलला. हिमायतनगर, भोकर, किनवट या आमच्या पट्ट्यात हे मत चहाच्या टपरीवर ऐकू येते आणि शिकल्यासवरलेल्यांच्या बैठकीतही. टपरीवर त्यात कुत्सितपणा असतो, बैठकीत सहानुभूती असते. निष्कर्ष एकच: या श्रद्धेमागे कृतज्ञता आहे, कारणे नाहीत, आणि ती कृतज्ञताही भाकरीची.

याच मताला जोडून दुसरे येते. क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हा भावनेचा विषय आहे, तिथे पुरावा मागू नये आणि देऊही नये. असे म्हणणारे बहुधा सज्जन असतात. कुणाचे मन दुखवू नये एवढाच त्यांचा हेतू असतो. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत. मी स्वतः ख्रिस्ती आहे. वाचकाने तेवढे ध्यानात ठेवूनच माझे म्हणणे पारखावे.

पहिल्या मतातला खरा भाग आधी मान्य करतो. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांत मिशनांनी मदतीची कामे काढली आणि त्यानंतर अनेक भागांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांत मांग आणि महार कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्याला गावाच्या पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, त्याने आपल्याला शेजारी बसवून घेणाऱ्याचा देव कोण हे विचारले, यात लाजण्यासारखे काय आहे? पण माणूस श्रद्धेपर्यंत कोणत्या वाटेने आला हा एक प्रश्न आणि ती श्रद्धा खरी की खोटी हा दुसरा. धर्मादाय शाळेत शिकला म्हणून पाढा चुकीचा ठरत नाही.

शिवाय ही वाट सर्वांची नव्हती. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पदरात काही पडले नाही, उलट घर तुटले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून प्रकरण न्यायालयात गेले, मुलगा वडिलांच्या ताब्यात आला आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला. त्या वादाने अवघी ब्राह्मण मंडळी दुभंगली. याच नारायणरावांनी पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल हे गाव वसवले. हिमायतनगरही तेव्हा त्याच राज्यात होते. म्हणजे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजाच्या आरंभीच्या कर्त्या पुरुषांपैकी एक जण धान्य घेणारा नव्हता, सर्वस्व सोडून आलेला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत म्हणून लक्ष्मीबाईंची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही सांगायला नको.

‘इथे पुरावा मागू नये’ हे मत तर आपल्याकडच्या जुन्या वादपरंपरेलाच धरून नाही. ख्रिस्ती मताच्या बाजूने लिहिणाऱ्या जॉन म्यूरने १८३९ साली ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ काढून चमत्कार हे खऱ्या धर्माच्या लक्षणांपैकी एक मानले, तेव्हा पंडित गप्प बसले नाहीत. नीलकंठशास्त्री गोरे या काशीस्थ चित्पावन तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले. खंडनासाठी बायबल वाचता वाचता याच शास्त्र्याने १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद केला; त्याचा वृत्तांत पुढे ग्रंथरूपाने छापला गेला. विष्णुबावा ख्रिस्ती मताचे कडवे विरोधक, पण त्यांनी समोरच्याला ‘तुमची भावना तुमच्यापाशी’ असे म्हणून वाटेला लावले नाही. कारणे मागितली आणि स्वतःची दिली. तो मान आजच्या सौजन्यापेक्षा मोठा होता. तेव्हा त्याच रीतीने पूर्वपक्ष मांडू आणि उत्तर देऊ.

पूर्वपक्ष पहिला: ही दंतकथा आहे, पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली. दंतकथेला काळ लागतो, हे खरे. इथे तो काळच सापडत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते साधारण इ. स. ५३ ते ५५ च्या सुमारास. येशूला क्रुसावर दिले ते इ. स. ३० किंवा ३३ साली. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेंहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. ही यादी आपली नव्हे, आपल्याला मिळालेली आहे, असे तो स्पष्ट सांगतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ख्रिस्ताला मानू लागल्यावर तीन वर्षांनी आपण यरुशलेमात पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. म्हणजे सांगणारे आणि ऐकणारे समोरासमोर बसलेले होते. या साक्षीचा गाभा घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतला आहे, हे पुनरुत्थान न मानणारे अनेक अभ्यासकही मान्य करतात. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही पौल लिहितो. वाचणाऱ्याला शंका असेल तर विचारायला माणसे आहेत, असाच याचा अर्थ.

समकालीन साक्षीचे मोल मराठी वाचकाला वेगळे समजावावे लागत नाही. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे नामदेवांच्या नावावरचे अभंग आपण एवढ्या मानाने वाचतो, ते सहप्रवाशाचे बोल म्हणून. नामदेवांची नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. जो निकष तिथे लावतो तोच इथे लावावा, एवढेच मागणे आहे.

पूर्वपक्ष दुसरा: शिष्यांनीच ही गोष्ट रचली. रचणारा माणूस सोयीची गोष्ट रचतो. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या समाजात स्त्रीची साक्ष ग्राह्य धरीत नसत. यहुदी इतिहासकार जोसीफसने ते नोंदवून ठेवले आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस केल्सस या ग्रीक टीकाकाराने याच मुद्द्यावर ख्रिस्ती लोकांची टिंगल केली. गोष्ट हातची असती तर पेत्राला किंवा योहानाला कबरेपाशी आधी पोहोचवणे किती सोपे होते! उलट हीच शुभवर्तमाने सांगतात की अटकेच्या वेळी शिष्य पळून गेले, पेत्राने आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून सांगितले. स्वतःची अब्रू घालवून घेणारी साक्ष रचलेली वाटत नाही.

शिष्यांनी देह चोरला, हा आरोप तर मत्तयाच्या शुभवर्तमानातच नोंदलेला आहे. त्यातून एक गोष्ट निघते: विरोधकांनी कबर भरलेली आहे असे म्हटले नाही, ती रिकामी का आहे याचे वेगळे कारण सांगितले. क्रुसावर दिलेल्या माणसाला कबरच मिळत नसे, असा आक्षेप काही आधुनिक अभ्यासक घेतात. तो सरसकट टिकत नाही. यरुशलेमजवळ गिवत हा-मिवतार येथे १९६८ साली अस्थिपेटीत एका माणसाच्या टाचेचे हाड सापडले. त्यात लोखंडी खिळा तसाच अडकलेला होता. क्रुसावर दिलेल्या त्या माणसाला रीतसर मूठमाती मिळाली होती.

पूर्वपक्ष तिसरा मराठी वाचकाच्या फार ओळखीचा: येशू क्रुसावर मेलाच नाही, काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या रोजाबलमध्ये त्याची कबर आहे. हे मत अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ साली मांडले. त्याआधी १८९४ साली निकोलस नोटोविच या रशियन लेखकाने लडाखच्या हेमिस मठात येशूचे चरित्र सापडल्याचे पुस्तक काढले होते. मॅक्सम्युलरने त्याच वर्षी त्यावर शंका घेतली आणि १८९५ मध्ये जे. आर्चिबाल्ड डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी असे काही घडल्याचे साफ नाकारले. अठराशे वर्षांनी उगवलेली कथा पंचवीस वर्षांतल्या पत्रापेक्षा विश्वसनीय मानायची असेल, तर तिच्या बाजूने आणखी काहीतरी हवे.

क्रुसावरून माणूस वाचू शकतो का? जोसीफसच एक प्रसंग सांगतो. त्याच्या ओळखीच्या तिघांना त्याने विनंती करून क्रुसावरून उतरवले. उपचार करूनही दोघे मेले, एक जगला. म्हणजे जगणे अशक्य नव्हते. पण अर्धमेला, जखमांनी खिळखिळा झालेला माणूस पाहून कुणी ‘याने मरणावर जय मिळवला’ असे म्हणत नाही. त्याला अंथरूण घालून देतात. हा युक्तिवाद माझा नाही. पुनरुत्थान नाकारणाऱ्या डाव्हिड स्ट्राउस या जर्मन विद्वानानेच एकोणिसाव्या शतकात तो केला.

पूर्वपक्ष चौथा सर्वांत बळकट आहे: तो भास होता. प्रिय माणूस गेल्यावर त्याचा आवाज ऐकू येतो, तो दिसतोही. पेत्राच्या बाबतीत हे मानता येईल. याकोबाच्या बाबतीत अवघड जाते. येशू हयात असताना त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते असे योहान लिहितो, आणि हाच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होऊन इ. स. ६२ च्या सुमारास दगडमार होऊन मेला. पौल तर आधी ख्रिस्ती मंडळीचा शत्रू, तिला छळणारा. त्याला कोणाचा शोक होता? आणखी एक अडचण आहे. त्या काळच्या यहुद्यांतले जे लोक पुनरुत्थान मानीत, ते युगान्ती सर्वांचे मानीत. युगाच्या मध्यावर एकट्याचे पुनरुत्थान कुणाच्या कल्पनेतही नव्हते. मन भास घडवते ते ओळखीच्या साच्यातून. गेलेला गुरू देवाघरी आहे, असा भास त्या साच्यात बसला असता. इ. स. १३२ ते १३५ च्या बंडाचा नेता बार कोखबा मारला गेला. कित्येकांनी त्याला मसीहा मानले होते, पण तो उठला असे कुणी म्हटले नाही.

पूर्वपक्ष पाचवा आपल्या मातीतला: चमत्कार कुठे नाहीत? तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असे वारकरी मानतातच की. त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. दोन्ही दाव्यांचे रूप मात्र वेगळे आहे. एक संताच्या जाण्याचा दावा आहे. दुसरा सरकारी शिक्षेने मारल्या गेलेल्या माणसाच्या परत येण्याचा, आणि तोही ज्या शहरात मारला गेला त्याच शहरात, मारणारे सत्तेवर असताना जाहीर केलेला. तरीही मापे दोन नकोत. काळ, साक्षीदार, विरोधकांची उत्तरे, साक्ष देणाऱ्याला मोजावी लागलेली किंमत, यांवर प्रत्येक दावा तपासावा, माझाही.

या सगळ्याने पुनरुत्थान भूमितीतल्या सिद्धांतासारखे सिद्ध होते का? नाही. कबरेपाशी किती स्त्रिया होत्या, किती देवदूत दिसले, यांत शुभवर्तमानांचा मेळ बसत नाही. चमत्कार घडूच शकत नाही हे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याला कोणताही पुरावा पुरणार नाही. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडलेला युक्तिवाद आजही त्याच्या हाताशी आहे. पण ‘कारणे नाहीत’ आणि ‘कारणे मला पुरेशी वाटत नाहीत’ यांत अंतर आहे. दुसरे म्हणणाऱ्याशी वाद होऊ शकतो. पहिले म्हणणाऱ्याने कारणे वाचलेलीच नसतात.

आता कृतज्ञतेकडे वळू. रूढ मत सांगते: आधी धान्य, मग आभार, मग श्रद्धा. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पत्रातला क्रम पाहा. पंधरावा अध्याय साक्षीदारांच्या यादीने सुरू होतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ, असे पौल स्वतःच बजावतो. म्हणजे घटना खोटी ठरली तर श्रद्धा सोडायची तयारी तो उघड दाखवतो. पुढे युक्तिवाद चालतो. अध्यायाच्या अखेरीस देवाचे आभार येतात. आभारांच्या पुढल्याच वाक्यात कामाला लागण्याचा आदेश आहे. आणि सोळावा अध्याय उघडतो तो यरुशलेमच्या गरजूंसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी वर्गणी बाजूला काढून ठेवा या सूचनेने. आठवड्याचा पहिला दिवस म्हणजे रविवार, कबर रिकामी सापडली तो वार.

साक्ष, आभार, काम, वर्गणी, असा हा क्रम आहे. धान्य शेवटी येते आणि ते देणाऱ्याच्या कृतज्ञतेतून येते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणल्या. त्याच रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर त्रित्व आणि ख्रिस्ताचे देवत्व यांवर इंग्लंडातल्या आपल्याला गुरुस्थानी असलेल्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला होता आणि अखेरच्या वर्षांत हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण केले. केडगावच्या मुक्ती सदनातले अन्न आणि ती चिकित्सा एकाच बाईची. तिची कृतज्ञता विचार न करता आलेली होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आभार मानायला काहीतरी घडलेले असावे लागते. न घडलेल्या गोष्टीचे आभार मानणे ही फसवणूक आहे, दुसऱ्याची नसली तर स्वतःची. म्हणून ख्रिस्ती माणसाने ‘हा भावनेचा विषय’ म्हणून मिळणारी सवलत नाकारली पाहिजे, आणि ईस्टरच्या उपदेशात आपल्याच मंडळीला कारणे सांगण्याची सवय पुन्हा लावली पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांना विनंती एवढीच की करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आणि सोळाव्याच्या पहिल्या चार ओळी एका बैठकीत वाचाव्यात, आणि मग आम्हाला खोटे ठरवायचे तर त्या साक्षीवरून ठरवावे. आमच्या आजोबांना मिळालेल्या गव्हावरून नव्हे.